टॅपेट सेटिंग: फीलर गेज की डायल गेज?
टॅपेट सेट करायला, म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि व्हॉल्व्ह यांच्यातली बारीक गॅप जुळवायला, बहुतेकांच्या हाती फीलर गेजच (ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच) असतो, आणि न झिजलेल्या इंजिनाला तो पुरतो. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सर्वात वरच्या टोकाला. मॅन्युअलमध्ये 0.10 मिमी दिले असेल तर त्या जाडीचं पातं किंचित अडत सरकायला हवं.

पण रॉकरच्या टोकाला झिजून खळगा पडला असेल, तर सपाट पातं खळग्यावर आडवंच राहतं. हाताला घट्ट लागतं, खरी गॅप मात्र जास्त असते आणि टकटक थांबत नाही. तिथे मी डायल गेजच (काट्याने हालचाल मोजणारं मापक) लावेन: व्हॉल्व्हच्या बाजूने रॉकर वर-खाली हलवा, काटा खरी हालचाल दाखवतो. बसवायला जागा आणि वेळ लागतो, एवढंच.

कुठलंही वापरा, लॉकनट (गॅप जुळवायचा स्क्रू जागेवर धरणारा नट) आवळल्यावर पुन्हा मोजा. आवळताना स्क्रू फिरू शकतो.