लिबरऑफिस घरी बांधताना: लायब्ररी सिस्टिमच्या घ्याव्यात की बंडल्ड?

स्मरणिका आणि दिवाळी अंकांची पानं मी लिबरऑफिस या मोफत, मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये लावते, आणि २०२१पासून ते लिनक्सवर सोर्समधून, म्हणजे मूळ कोडवरून, स्वतः कंपाइल करते, म्हणजेच बांधते. लॅपटॉप चार कोरचा, रॅम १६ जीबी. रात्रीची जेवणं आटोपली की 'मेक' ही बांधणीची आज्ञा लावायची, सकाळच्या चहापर्यंत काम होतं. त्याला लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे ठरावीक कामं करणारे तयार कोडचे तुकडे, लिनक्समध्ये आधीच असलेल्या (सिस्टिमच्या) घेता येतात किंवा लिबरऑफिससोबत येणाऱ्या (बंडल्ड). दोन्ही पद्धतींनी बांधून, दोन्हींवर पोटापाण्याचं काम करून हे लिहिते आहे.

बांधणीची तयारी करणाऱ्या 'ऑटोजेन' स्क्रिप्टला काहीच सांगितलं नाही, तर बहुतेक लायब्ररींचे टारबॉल (सोर्सचे गठ्ठे) उतरवून त्या सोबतच बांधल्या जातात. सोर्समधलं 'एक्स्टर्नल' फोल्डर उघडून पाहा: प्रत्येक लायब्ररीला वेगळी जागा, आणि कितीतरी लायब्ररींना इथलेच पॅच, म्हणजे कोडमधले छोटे बदल. 'विथ-सिस्टिम-लिब्ज' हा पर्याय दिला की डिस्ट्रोच्या, म्हणजे आपण वापरतो त्या लिनक्सच्या, लायब्ररी वापरल्या जातात. मग प्रत्येकीचं डेव्हलपमेंट पॅकेज (बांधणीला लागणाऱ्या फाइली) आधी हवं. डेबियन या डिस्ट्रोवर 'बिल्ड-डेप' ही आज्ञा ते एका दमात आणते, माझ्या रोलिंग (सतत नव्या आवृत्त्या येणाऱ्या) डिस्ट्रोवर मला एकेक शोधावं लागलं.

सुरुवातीला सगळं सिस्टिमचंच घेतलं. एकच प्रत, कमी जागा, लवकर काम. मग २०२२च्या उन्हाळ्यात एका शाळेच्या स्मरणिकेची पानं सकाळी छापखान्यात द्यायची होती आणि आदल्या रात्री मी सिस्टिम अपडेट केली. आयसीयू या लायब्ररीची नवी मोठी आवृत्ती आली, जुनी निघून गेली. शब्द कुठे तुटतो, ओळ कुठे मोडते हे ठरवणारी ही लायब्ररी, आणि तिच्या फाइलच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो. माझं लिबरऑफिस जुना आकडा शोधत राहिलं, आणि सकाळी रायटर (त्यातला लेखनाचा भाग) उघडेना. टर्मिनलमध्ये एकच ओळ: लिबआयसीयूयूसी, म्हणजे आयसीयूचीच फाइल, सापडत नाही. पानं शेजारच्यांच्या संगणकावरून पाठवली, आणि त्या आठवड्यात सगळं बंडल्ड करून टाकलं.

सव्वा वर्ष निवांत गेलं. सप्टेंबर २०२३मध्ये वेबपी चित्रं उघडणाऱ्या लिबवेबपी लायब्ररीतली गंभीर सुरक्षा-त्रुटी उघड झाली, तिचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२३-४८६३. मुद्दाम बिघडवलेलं चित्र उघडलं की मेमरीत नको तिथे लिहिलं जायचं. लिबरऑफिसने त्यासाठी ७.५.७ आणि ७.६.२ या आवृत्त्या नियोजित वेळेआधी काढल्या, ही तत्परता मला फार मोलाची वाटते. डिस्ट्रोची लिबवेबपी मात्र एका छोट्या अपडेटने दुरुस्त झाली होती, आणि माझ्या लिबरऑफिसच्या पोटातली जुनीच होती. लोक मला रोज चित्रं पाठवतात. नवं सोर्स उतरवून पुन्हा रात्रभर बांधलं.

तेव्हापासून सरसकट एक पर्याय घेत नाही, लायब्ररी बघून ठरवते. बाहेरून आलेली फाइल जिच्या हातात पहिल्यांदा पडते ती सिस्टिमची: लिबवेबपी, लिबपीएनजी, झेडलिब, लिबएक्सएमएल२, कर्ल. आयसीयू बंडल्ड. लिबऑर्कस आणि एमडीडीएस या लायब्ररीही बंडल्डच, कारण लिबरऑफिसला त्यांची नेमकी ठरावीक मालिका लागते आणि डिस्ट्रोची बहुधा मागे किंवा पुढे असते. अक्षरं जोडून त्यांना आकार देणारं हार्फबझ सिस्टिमचं हवं असेल तर त्याच कामातलं ग्राफाइटही सिस्टिमचं घ्यावं लागतं. एकच दिलं तर कॉन्फिगर (बांधणीआधीची तपासणी) तिथेच थांबतं आणि कारण स्पष्ट सांगतं. रात्र वाया जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं. हे सगळं 'ऑटोजेन.इनपुट' फाइलमध्ये एका ओळीत एक असं लिहून ठेवलं आहे.

मराठी अक्षरांची काळजी असणाऱ्यांसाठी: 'वऱ्हाड', 'तऱ्हा', 'दऱ्या', शिवाय मराठी वळणाचे श आणि ल, हे सिस्टिमच्या आणि बंडल्ड अशा दोन्ही हार्फबझवर छापून शेजारी ठेवले. फरक दिसला नाही. मजकुराची भाषा मराठी निवडलेली असली पाहिजे आणि फॉन्टमध्ये ती वळणं असली पाहिजेत, एवढंच.

बांधून झालं की 'इन्स्टडिर' या तयार बिल्डच्या फोल्डरमधल्या लायब्ररींवर 'एलडीडी' ही आज्ञा चालवते, कोणती लायब्ररी कुठून घेतली जाते ते ती दाखवते. आयसीयूसमोर त्याच फोल्डरचा पत्ता आणि लिबवेबपीसमोर सिस्टिमचा पत्ता दिसला, की मगच जुनं बिल्ड पुसते.