डीटीएच बॉक्स, फ्री डिश की कॅप्चर कार्ड: टीव्हीवरचा कार्यक्रम कशात साठवायचा?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या मावशीचा परवा फोन आला. नातवाच्या शाहिरी पथकाचा पोवाडा सह्याद्री वाहिनीवर लागणार आहे आणि तो घरात कायमचा राहिला पाहिजे. "मला त्या मशिनीतलं काय कळत न्हाई बाबा, पण पोराचं गाणं ऱ्हायला पायजे." तिच्यासाठी सगळे पर्याय पुन्हा तपासले. असाच प्रश्न पडलेल्या प्रत्येकाला ते कामाला येतील.

आधी माझं सांगतो. वडील गुऱ्हाळ चालवायचे. शेतीच्या एका कार्यक्रमात त्यांची मुलाखत लागली, ती घरच्या डीटीएच बॉक्समध्ये रेकॉर्ड करून ठेवली होती. चुलवाणावरच्या काहिलीतली मळी काढता काढता ते मधेच कॅमेऱ्याकडे बघून हसतात, एवढंच दृश्य आम्ही कितीदा तरी लावायचो. दोन वर्षांनी बॉक्स बिघडला. कंपनीचा माणूस आला, जुना काढून नवा बसवून गेला. मुलाखत जुन्याबरोबर गेली. वडील आता नाहीत.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: रेकॉर्डिंग बॉक्सच्या बाहेर निघतं का? चित्र किती सुंदर, मेमरी किती, हे नंतर.

डीटीएचचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स वापरायला सगळ्यात सोपा. कार्यक्रमांच्या यादीत जाऊन बटण दाबलं की ठरल्या वेळी तो आपोआप रेकॉर्ड करतो. चित्र प्रक्षेपणात येतं तसंच मिळतं, एचडीसुद्धा. पण ते रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं. पेन ड्राइव्हवर घेतलं तरी त्याच बॉक्सवर चालतं, लॅपटॉपला लावलं तर काही दिसत नाही. शिवाय बहुतेक बॉक्स पेन ड्राइव्ह पहिल्यांदा लावल्यावर फॉरमॅट करायला सांगतात. त्यावर लग्नाचे फोटो असतील तर ते गेलेच समजा. रोजची मालिका रात्री उशिरा बघायची असेल तर हाच घ्या. जपून ठेवण्यासाठी घेऊ नका.

दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत. सह्याद्री त्यावर आहेच. यूएसबी रेकॉर्डिंगची सोय असलेला एमपीईजी-४ बॉक्स मागा, जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर सगळ्या वाहिन्या दिसत नाहीत. दूरदर्शनसारख्या खुल्या वाहिनीचं रेकॉर्डिंग अशा बॉक्समधून साध्या फाइलच्या रूपात बाहेर येतं. लॅपटॉपवर व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये लावा, दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, मुंबईच्या लेकीला पाठवा. साध्या दर्जाच्या चित्राला प्रक्षेपणाचा वेग सेकंदाला ३ मेगाबिट धरला तर तासाला साधारण १.३५ जीबी लागतात, म्हणजे ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह पोवाड्याला भरपूर झाला. ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, मोठा कार्यक्रम तुकड्यांत मिळतो. घाबरू नका, ते तुकडे जोडता येतात. आणि जुनी हार्ड डिस्क लावायचा मोह टाळा. बॉक्सच्या यूएसबीला तेवढा करंट झेपेलच असं नाही. डिस्क टिकटिक करत राहते आणि चित्र अडखळतं.

अडचण जागेची आणि पावसाची. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, त्यामुळे कोल्हापुरातून डिश आग्नेयेकडे तोंड करून लागते. त्या अंगाला गच्चीला लागून उंच इमारत असेल तर आधी बसवणाऱ्याला बोलावून जागा दाखवा. जुलैतला आपला पाऊस तर माहीतच आहे. जोराची सर आली की चित्राचे चौकोन होतात आणि रेकॉर्डिंगमध्येही ते तसेच उतरतात. हा दोष सगळ्याच छोट्या डिशचा, डीटीएचचाही. केबलवाल्याच्या मोठ्या सी-बँड डिशला पावसाचा त्रास बराच कमी होतो.

म्हणून घरात केबल असेल तर कॅप्चर कार्डाचा, म्हणजे टीव्हीचं चित्र लॅपटॉपमध्ये फाइल म्हणून उतरवणाऱ्या छोट्या उपकरणाचा, विचार करा. सेट-टॉप बॉक्समागच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिनांची वायर कार्डात आणि कार्ड लॅपटॉपच्या यूएसबीत. चित्र ७२० बाय ५७६ चं, थोडं मऊ दिसतं, पण फाइल आपली. एचडीएमआयमधून मात्र असं घेता येत नाही, तिथे कॉपी अडवणारं एचडीसीपी असतं. लॅपटॉपसमोर कुणीतरी बसायला हवं, हा याचा खरा तोटा. मावशीला ते जमणार नाही. पण ज्यांच्या माळ्यावर जुन्या व्हीएचएस कॅसेट पडल्यात त्यांनी कार्ड घ्यावंच, कारण त्याच पिनांनी कॅसेटही उतरवता येते. आपल्या दमट हवेत कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, फीत वाचणारं हेडही खराब होतं.

नवीन रेकॉर्डिंगसाठी जुना व्हीसीआर शोधत फिरू नका. शेवटच्या मोठ्या उत्पादकाने, फुनाईने, २०१६ च्या जुलैत ते बनवणं थांबवलं. डीव्हीडी रेकॉर्डर मिळाला तरी ४.७ जीबीच्या डिस्कवर बऱ्या दर्जाचे दोनच तास बसतात. स्मार्ट टीव्हीत रेकॉर्डिंगचं बटण दिसलं तर ते टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरपुरतं असतं, बॉक्समधून एचडीएमआयने येणारं चित्र त्यात उतरत नाही.

मावशीकडे फ्री डिश बसवली. आग्नेयेला मोकळं आकाश आहे. बॉक्स इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला, वीज गेली की फाइल अर्धीच राहते म्हणून. काल संध्याकाळी सातच्या बातम्यांची दहा मिनिटं रेकॉर्ड केली, पेन ड्राइव्ह काढून माझ्या लॅपटॉपला लावला. चित्र आलं, आवाजही आला. वेळ लावताना पंधरा मिनिटं आधीची आणि अर्धा तास नंतरची धरली आहे, कार्यक्रम मागेपुढे झाला तरी पोवाडा तुटणार नाही. पोवाडा लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी दोन प्रती काढणार आहे, एक तिच्या कपाटात आणि एक माझ्याकडे.