ई-वेव : ७७ तऱ्हांच्या इंग्रजीचा नकाशा, नक्की वापरून बघा

गेली तीन वर्षं एमएच्या मुलांना भाषाविज्ञान शिकवताना ई-वेव ही वेबसाइट वापरतेय, फुकट आहे, लॉगिन वगैरे काही लागत नाही, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावंच. जगभरातल्या ७७ तऱ्हांच्या इंग्रजीचं व्याकरण यात नकाशावर मांडलंय. मी वापरते ती २०२०ची तिसरी आवृत्ती, तिचं संपादन जर्मनीतल्या बेर्न्ट कोर्टमान, केर्स्टिन लुंकेनहायमर आणि काथारिना एरेट यांनी केलंय.

आपल्याकडे या विषयात भाषाशास्त्रज्ञ काचरूंच्या तीन वर्तुळांपासून सुरुवात होते. ब्रज काचरू मूळचे श्रीनगरचे, १९८५ मध्ये त्यांनी आतलं (इंग्रजी मातृभाषा असलेले देश), बाहेरचं (दुसरी भाषा म्हणून रुजलेले) आणि विस्तारतं (परकी भाषा म्हणून शिकणारे) वर्तुळ मांडलं, आपण बाहेरच्यात. मोठं काम आहे ते, पण त्यात देशच्या देश एका वर्तुळात जातो, म्हणजे यॉर्कशायरचा शेतकरी आणि न्यूयॉर्कचा वकील शेजारी शेजारी. ई-वेव मात्र ती इंग्रजी घडली कशी ते बघते. जुन्या गावाकडच्या बोली वेगळ्या, इतर भाषांत मिसळून वाढलेल्या मातृबोली वेगळ्या, आपल्यासारखी दुसरी भाषा म्हणून रुजलेली वेगळी, मग पिजिन (वेगवेगळ्या भाषांच्या लोकांनी कामापुरती घडवलेली मिश्र बोली) आणि क्रिओल (अशीच मिश्र बोली, पण पुढे मातृभाषा झालेली). मला हे जास्त पटतं.

आत व्याकरणाच्या २३५ लकबी आहेत आणि प्रत्येक बोलीत ती लकब हमखास येते, अधूनमधून येते, क्वचित येते की येतच नाही, हे त्या बोलीच्या जाणकाराने ठरवलंय. वर्गात मी पहिल्यांदा अनेकांसाठी वेगळा ‘यू’ ही लकब उघडते. प्रमाण इंग्रजीत एकालाही ‘यू’ आणि दहा जणांनाही ‘यू’, पण अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’, आयर्लंडात ‘यूझ’, नायजेरियन पिजिनमध्ये ‘उना’, जमैकात ‘उनू’, आणि हा ‘उनू’ पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बोत जसाच्या तसा सापडतो. नकाशा ठिपक्यांनी भरलेला बघून एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे हे आपलं तुम्हीच की!’ अगदी तेच.

शाळेत ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हटलं म्हणून मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं, ते अजून आठवतं. ती लकब इथे रीतसर नोंदलेली आहे आणि ती काही एकट्या भारताची नाही. ‘यू आर कमिंग, नो?’ मधला ‘नो’ म्हणजे आपला ‘ना’, तसाच लंडनकरांचा ‘इनिट’, म्हणजे ‘इझन्ट इट’. मुलांना हे दिसलं की तोंड उघडायची भीती खरंच कमी होते, मी बघितलंय.

उणीव सांगायची तर उच्चार यात नाहीत, कामच व्याकरणाचं आहे, त्यामुळे ॲक्सेंट ऐकायचे असतील तर दुसरीकडे जावं लागेल. आणि भारतीय इंग्रजी म्हणून एकच नोंद! मद्रासकडची जुनी बटलर इंग्लिश, म्हणजे साहेबांच्या नोकरांची मोडकी इंग्रजी, वेगळी नोंदलेली आहे, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांची वेगळी आहे, पण नागपूरचा मुलगा, मडगावची आजी आणि चेन्नईचा इंजिनियर सगळे एकाच ठिपक्यात, हे मनाला लागतं, कारण हे काम आपणच करायला हवं.

पहिल्यांदा बघणाऱ्यांनी सगळी यादी उघडून बसू नका, डोकं गरगरतं. घरात ऐकलेलं एक वाक्य घ्या, त्यातली लकब शोधा आणि नकाशावर क्लिक करा, तिथून पुढे तासभर कसा जातो कळत नाही.