गीझरचा एमसीबी बदलून घेतला: काम चोख, वेळेचं मात्र विचारू नका

आमच्या डोंबिवलीच्या घरात आठवडाभर गीझर लावला की दहा मिनिटांत एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडायचा. ह्यांचं मत, "३२ अँपिअरचा बसवून घे, कटकट मिटेल." कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून माणूस बोलावला. सकाळी दहाचा वायदा, उगवला दीडला! पण आल्यावर आधी मेन स्विच बंद करून टेस्टर लावला. मेनच्या वरच्या बाजूला तरीही करंट असतो, तिथे बोट नको, हेही बजावलं. मग जुना एमसीबी पट्टीवरून काढून दाखवला: स्क्रू ढिला, त्यामुळे तापून वायरीचं टोक काळं पडलेलं. ३२ चा बसवायला त्याने साफ नकार दिला. वायर अडीच स्क्वेअर एमएमची. मोठा एमसीबी पडणार नाही, वायरच जळेल. गीझर २००० वॅटचा, म्हणजे जेमतेम ९ अँपिअर. १६ चा, सी कर्व्हचाच (उपकरण सुरू होतानाचा क्षणभराचा जादा करंट सोसणारा प्रकार) पुरे. जळकं टोक कापून, नव्याने सोलून घट्ट आवळलं. अर्ध्या तासात काम. एमसीबीचे वेगळे, मजुरीचे तीनशे. पावती मागितल्यावरच मिळाली. जुना एमसीबी ह्यांना दाखवायला ठेवून घेतलाय.