खिडकीचं हँडल, न बदललेला गिअर आणि १८,९३९ रुपये

यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या चौकटीच्या, खिडकीचं हँडल तुटलं किंवा नुसतंच गरागरा फिरायला लागलं, आणि दुरुस्तीला आलेला माणूस पाच मिनिटांत म्हणाला, "आतला गिअर गेलाय", तर त्याला तिथंच थांबवा. आमच्याकडे या एका वाक्यावर १८,९३९ रुपये गेले. वर, जो गिअर धडधाकट होता तो त्या दुरुस्तीमुळे खरोखरच गेला. सोसायटीत विषय काढल्यावर आणखी दोन घरांत हेच झाल्याचं कळलं, म्हणून सगळं लिहून काढतोय.

आमचं घर पुण्यात, सिंहगड रस्त्यावर. बाहेर उघडणारे पल्ले असलेल्या सात खिडक्या. मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात हॉलचा पल्ला आपटला आणि हँडलचा दांडा मानेपाशी तुटला. बेडरूमचं हँडल त्याआधीपासूनच सैल होतं. ज्याने खिडक्या बसवल्या त्या फॅब्रिकेटरने दुकान कधीच बंद केलंय. म्हणून खिडक्यांच्या कंपनीचं नाव आणि 'सर्व्हिस पुणे' असं शोधलं. सगळ्यात वर जे आलं ती जाहिरात होती. त्यावर कंपनीचं नाव, 'ऑथराइज्ड सर्व्हिस' हे शब्द आणि मोबाइल नंबर. फोनवरची मुलगी अदबीने बोलली. व्हिजिट चार्ज २९९ रुपये, काम करून घेतलं तर तेही माफ.

मी ऑफिसात होतो, आई घरी. ती गणिताची शिक्षिका होती, त्यामुळे भोळीभाबडी म्हातारी गाठून फसवली असं कुणी समजू नये. तिने प्रश्न विचारले. अडचण अशी की दुरुस्तीला आलेल्या माणसाकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार होतं. गळ्यात ओळखपत्र, काकू-काकू करणारी गोड जीभ, बूट दाराबाहेर. बिघडलेल्या खिडक्या दोन होत्या, पण "आलोच आहे तर सगळ्या चेक करतो" म्हणत त्याने सातही हँडलं खोलली. एकदा सगळ्या खिडक्यांना भोकं दिसायला लागली आणि बाहेर आभाळ भरून आलं की घासाघीस करायची ताकद कुणात उरते?

"काकू, हे मॉडेल कंपनीने बंद केलंय. एक बदललं तर बाकीच्यांशी मॅच होणार नाही. आणि या दोन खिडक्यांचे गिअर गेलेत, बघा, फिरतच नाहीत."

"मग बेडरूमची खिडकी काल बंद कशी झाली?" आईने विचारलं.

"तेच तर, काकू. अर्धवट लागतंय. जोराचा वारा आला तर पल्ला खाली जाईल. खाली मुलं खेळतात ना?"

चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला या वाक्यानंतर दुसरं काही ऐकू येत नाही. तो ते जाणून होता.

आता ही यंत्रणा कशी असते ते सांगतो, कारण तेवढं कळलं तरी निम्मी फसवणूक टळते. हँडलच्या पाठीमागे एक चौकोनी लोखंडी खुंटी असते, साधारण ७ मिलिमीटरची. ती पल्ल्याच्या पोकळीतून आत जाऊन गिअरच्या चौकोनी भोकात बसते. हँडल फिरवलं की खुंटी फिरते, खुंटीने गिअर फिरतो आणि गिअर पल्ल्याच्या कडेतली पट्टी वर-खाली सरकवतो. त्या पट्टीवरची बोंडं चौकटीतल्या खाचांत अडकतात आणि खिडकी बंद होते. म्हणजे हँडल आणि गिअर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रोज हाताचा जोर हँडल सोसतं, त्यामुळे बहुतेक वेळा आधी तेच झिजतं.

नेमकं काय बिघडलंय हे घरच्या घरी कळतं. हँडलच्या मुळाशी असलेली प्लॅस्टिकची किंवा धातूची टोपी किंचित उचलून आडवी फिरवायची. खाली दोन स्क्रू दिसतात, ते काढले की हँडल खुंटीसकट हातात येतं. मग दुसऱ्या, चांगल्या खिडकीचं हँडल काढून या खिडकीला लावून बघायचं. पट्टी सरकली तर गिअर ठणठणीत आहे, नुसतं हँडल बदला. पट्टी तरीही हलली नाही तरच गिअरकडे बघायचं. तो माणूस ही अदलाबदल करून दाखवूच शकत नव्हता. त्याने रिकाम्या भोकात स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालून फिरवल्यासारखं केलं. स्क्रू ड्रायव्हर त्या चौकोनात धरत नाही, नुसता फिरतो, आणि बघणाऱ्याला वाटतं गिअर मेला.

मग चुंबकाचा खेळ झाला. खिशातून चुंबक काढून नव्या हँडलला लावला. चिकटला नाही. "बघा काकू, प्युअर एसएस थ्री-झीरो-फोर. लोखंड असतं तर चिकटलं असतं." एसएस थ्री-झीरो-फोर म्हणजे ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील. त्याच्या बोलण्याचा दुसरा भाग खरा आहे, पहिला नाही. चुंबक जस्ताला चिकटत नाही, ॲल्युमिनियमला चिकटत नाही आणि स्वस्तातल्या २०२ ग्रेडच्या स्टीललाही सहसा चिकटत नाही. चुंबक न चिकटल्याने फक्त साधं लोखंड नाही एवढंच सिद्ध होतं. पुढे त्यातलं एक हँडल तुटलं तेव्हा आतला भाग दिसला: वरून चकचकीत मुलामा आणि आत खडीसाखरेच्या खड्यासारखं करडं, रवाळ जस्त. तसं बघितलं तर बाजारातली बरीच चांगली हँडलंही जस्ताच्या ओतकामाचीच असतात, त्यात वावगं काही नाही. पण मग स्टीलचा भाव का?

हिशेब असा लावला. सात हँडलं प्रत्येकी १,४५०, म्हणजे १०,१५०. दोन गिअर प्रत्येकी २,२००, म्हणजे ४,४००. लेबर १,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी २,८८९. एकूण १८,९३९. आईने बेरीज तपासली, बरोबर होती. पैसे यूपीआयने गेले. बिल "ऑफिसमधून व्हॉट्सॲपवर येईल" असं ठरलं. जुनी हँडलं आईने मागितली, तर "वॉरंटी क्लेमसाठी कंपनीला रिटर्न करावी लागतात" म्हणून सातही पिशवीत भरून घेऊन गेला. त्यातली पाच उत्तम चालत होती. ती पुढे कुठे गेली असतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

पावसाळा भरात असताना बेडरूमचं नवं हँडल फिरायला लागलं. मागोमाग हॉलचं. फोन केला तर तीच अदबशीर मुलगी. "सर, गिअर बॉक्स पूर्ण बदलावा लागेल, वॉरंटीत फक्त हँडल येतं." नव्या गिअरचे पैसे घेतलेत त्याचं काय, असं विचारल्यावर फोन ठेवला गेला आणि मग लागेचना.

शेजाऱ्यांकडे मच्छरदाणीची जाळी बसवायला एक फॅब्रिकेटर आला होता. त्याला पाच मिनिटं बोलावलं. त्याने पल्ला उघडला, कडेच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि मला म्हणाला, "दादा, हे बघा." गिअर ज्या स्क्रूंनी पट्टीत बसवलेला असतो, त्यांच्या डोक्यावर रंगाचे ठिपके होते. मागच्या रंगकामात रंगाऱ्याने उडवलेले, फिकट पिवळे, आमच्या भिंतीचेच. एक ठिपका तर स्क्रूच्या खाचेवरून आडवा पसरलेला, अखंड. त्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर गेला असता तर तो फुटला असता. म्हणजे ४,४०० रुपयांचे गिअर बदललेच नव्हते. ग्रीस फासून चकचकीत केले होते, बस.

मग त्याने नवं हँडल काढलं. खुंटी आखूड होती. आमच्या पल्ल्याला ३५ मिलिमीटरच्या आसपास लागते, ही त्याहून बरीच कमी. गिअरच्या भोकात ती फक्त टोकाशी धरत होती आणि सगळा जोर त्या टोकावर येऊन भोकाचे कोपरे घासून गोल झाले होते. आता मात्र गिअर खरंच गेला होता. आखूड खुंटी मुद्दाम घातली की हाताला आली ती घातली, ते सांगता येत नाही. पण फोनवरच्या मुलीकडे 'गिअर बॉक्स बदलावा लागेल' हे उत्तर तयार होतं, एवढं मात्र खरं. दोन्ही गिअर आणि योग्य खुंटीची दोन हँडलं या माणसाने बसवली आणि पावती दिली. हँडल साडेतीनशेला पडलं.

तक्रारीचं सांगतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला. त्यांनी विचारलं ते साहजिकच होतं: समोरच्याचं नाव, पत्ता, बिल. आमच्याकडे एक बंद पडलेला नंबर आणि व्हॉट्सॲपवरचा अंदाजपत्रकाचा फोटो. यूपीआयची रक्कम कुण्या व्यक्तीच्या खात्यावर गेली होती, कुठल्याच कंपनीच्या नव्हे. खोट्या सर्व्हिस सेंटरचा प्रकार असल्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. हा नंबर पैसे गेल्या गेल्या लावला तर समोरच्या खात्यातली रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. आमच्या बाबतीत ती वेळ टळून गेली होती. पैसे परत आलेले नाहीत.

अंदाजपत्रकाच्या त्या कागदावर जीएसटी नंबर छापलेला होता, पंधरा अक्षरी, २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला तर कपड्याच्या एका दुकानाचा निघाला, नोंदणीही रद्द झालेली. ही तपासणी फुकट आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही. माणूस घरात बसलेला असतानाच करता येते. ज्याची नोंदणी नाही त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. तेव्हा "बिल नंतर येईल" असं कुणी म्हटलं तर "पैसेही नंतरच येतील" म्हणायला हरकत नाही.

हँडल स्वतः आणायचं असेल तर रविवार पेठेत बोहरी आळीत जा. जाताना जुनं हँडल खुंटीसकट सोबत न्या. फोटोवर भागत नाही. दुकानदार दोनच मापं बघतो: दोन स्क्रूंमधलं अंतर, जे बहुतेक हँडलांत ४३ मिलिमीटर असतं, आणि खुंटीची लांबी. रंग जुळला नाही तर चालतं, खुंटी आखूड चालत नाही. लांब असेल तर करवतीने कापून घेता येते.

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांत गिअर नसतो, तिथं ही थाप वेगळ्या रूपात येते. "टच लॉक खराब झालंय, सगळीच बदला." डोंबिवलीच्या मावशीकडे अशी सगळी लॉकं बदलली आणि खिडकी तरीही लागेना. पल्ल्याखालचं बेअरिंग झिजून पल्ला एका बाजूला बसला होता, त्यामुळे लॉकचं नाक समोरच्या खाचेत जात नव्हतं. पैसे देण्याआधी पल्ला हाताने जरासा वर उचलून धरा आणि जुनं लॉक लावून बघा. लागलं, तर बेअरिंग बदलायला सांगा.