शिकवणीला जाणाऱ्या मुलासाठी: बटणांचा फोन की घरातला जुना स्मार्टफोन?

सोलापुरात अशोक चौकातून सात रस्त्याला शिकवणीसाठी एकट्याने जाणाऱ्या मुलाकडून केवळ ‘पोहोचलो’ एवढाच निरोप हवा असेल, तर बटणांचा फोन पुरेसा आहे; मात्र टू-जी फोनमध्ये जिओचे सिम चालत नाही आणि काही फोर-जी बटणफोनांवर यूट्यूबही दिसते, हे नवी पेठेत खरेदी करतानाच तपासावे.

वडिलांचा जुना अँड्रॉइड फोन फुकटात पडतो खरा, परंतु त्यातील बँकेची व यूपीआयची ॲप तशीच राहू नयेत म्हणून तो आधी पूर्ण पुसून, मुलाचे स्वतंत्र खाते उघडून गूगल फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या देखरेख ॲपशी जोडावा लागतो. त्यानंतर रोजची वेळमर्यादा, ॲपना परवानगी आणि फोनचे ठिकाण पालकांच्या हाती राहते, पण व्हॉट्सॲपमधील संभाषण त्यात दिसत नाही. सुरक्षा अद्यतने बंद झालेला फोन मात्र देऊच नये. दहा वर्षांच्या मुलासाठी मी बटणांचाच फोन निवडेन.