शून्य-एकच्या मॅट्रिक्सची रँक: वास्तव संख्यांवर काढावी की मॉड 2?

रँक म्हणजे आकड्यांच्या तक्त्यातल्या (मॅट्रिक्समधल्या) स्वतंत्र, म्हणजे एकमेकींच्या पटी-बेरजांतून न मिळणाऱ्या ओळींची संख्या. मॉड 2 म्हणजे प्रत्येक उत्तराला 2 ने भागून उरणारी बाकी घेणं, म्हणून 1+1=0. ओळी 110, 011 आणि 101 घ्या. निश्चयक (डिटर्मिनंट) 2, शून्य नाही, म्हणून वास्तव संख्यांवर रँक 3. मॉड 2 मध्ये मात्र पहिल्या दोन ओळींची बेरीजच तिसरी ओळ होते, म्हणजे रँक 2. दोन्ही उत्तरं बरोबर. प्रश्न वेगळे आहेत.

मॉड 2 ची रँक वास्तव रँकपेक्षा कधीच जास्त नसते. कमी मात्र खुशाल असू शकते.

वेगात मॉड 2 ला तोड नाही. 1000×1000 च्या मॅट्रिक्सची एक ओळ 64 बिटांच्या 16 गटांत (संगणकी शब्दांत) मावते, एका XOR मध्ये (बिटांची मॉड 2 बेरीज) 64 नोंदी उरकतात आणि राउंडिंगची भानगडच नाही. वास्तव बाजूला दशांश आकडेमोडीत 0 च्या जागी 10⁻¹⁶ सारखं काहीतरी उरतं आणि प्रोग्राम त्यालाच पिव्हट (ज्याने खालचे आकडे शून्य करायचे तो शून्येतर आकडा) धरून बसतो. अपूर्णांक वापरले तर आकडे फुगत जातात. त्यापेक्षा मोठी मूळसंख्या घेऊन मॉड काढा: रँक पूर्ण आली तर खात्री, कमी आली तर दुसरी मूळसंख्या घेऊन पाहा, मोठं उत्तर धरा.

त्रुटी-सुधारक कोड किंवा दिवे चालू-बंद करण्याची कोडी असतील तर मॉड 2. समीकरणांचे अज्ञात वास्तव असतील तर मॉड 2 ची रँक फक्त खालची मर्यादा म्हणून वापरा.